ॲल्युमिनियमचा टिग वेल्ड पुन्हा पुन्हा काळा पडतो, छिद्रं येतात: दोष कुठे आणि कोणत्या क्रमाने शोधायचा

तक्रार साधारण अशी असते. एसी टिगवर (टंगस्टनच्या टोकावरून विजेचा आर्क पेटवून वायूच्या आवरणाखाली धातू जोडायची पद्धत) ॲल्युमिनियम जोडायला घेतलं की बीड, म्हणजे वेल्डची रेघ, करडा-काळा येतो, कडेला काजळी बसते, वितळलेल्या डबक्यात मिरपूड पडल्यासारखे ठिपके तरंगतात आणि वरचा थर घासून पाहिला तर आत टाचणीच्या टोकाएवढी छिद्रं दिसतात. अँपिअर वाढवून झाले, बॅलन्स (एसीच्या धन आणि ऋण अर्धचक्रांची वाटणी) इकडचा तिकडे करून झाला, फ्रिक्वेन्सी बदलून झाली. एखादा बीड बरा येतो, पुढचा पुन्हा तसाच.

या दोषाचं मूळ बहुतेक वेळा मशिनच्या पॅनेलवर नसतंच. ते वायूत, मळात किंवा टंगस्टनमध्ये असतं. पॅनेलवरची बटणं फिरवत राहिलं की मूळ दोष तसाच राहतो आणि वर सेटिंगही बिघडतं. म्हणून आधी जोडणी, मग वायू, मग सफाई, मग टंगस्टन आणि बॅलन्स-फ्रिक्वेन्सी सगळ्यांत शेवटी, या क्रमाने जा. एका वेळी एकच गोष्ट बदला. दोन एकदम बदलल्या तर बीड सुधारला तरी तो कशामुळे सुधारला हे कळत नाही, आणि सिलिंडर किंवा टॉर्च बदलला की तोच दोष परत हजर होतो.

फिलरशिवाय एका ठिपक्याची चाचणी

३ मिमी जाडीचा, नीट साफ केलेला एक तुकडा घ्या. फिलर रॉड, म्हणजे जोडात भरायची धातूची सळई, बाजूला ठेवा. सुमारे १२० अँपिअर लावा, टॉर्च जवळजवळ उभा धरा, टंगस्टनचं टोक जॉबपासून २ ते ३ मिमी वर ठेवा आणि आर्क लावून एकाच जागी थांबा. तीन-चार सेकंदांत आरशासारखं चकाकणारं गोल डबकं तयार व्हायला हवं आणि त्याभोवती पांढुरकी, किंचित खरखरीत कड दिसायला हवी. मग आर्क बंद करा, पण वायू वाहायचा थांबेपर्यंत टॉर्च तिथून हलवू नका.

आता तो ठिपका पाहा. तो चमकदार असेल तर वायू, टंगस्टन आणि बॅलन्स तिन्ही ठीक आहेत. मग दोष प्रत्यक्ष जॉबच्या मळात, फिलरमध्ये किंवा टॉर्च धरण्याच्या कोनात शोधायचा. ठिपका काळपट आणि खवल्यांचा असेल तर वायूकडे वळा. धातू खाली वितळलाय पण वर दुधावर साय धरावी तसा पापुद्रा आहे आणि तो फुटतच नाही, असं दिसलं तर ऑक्साइड निघत नाहीये. म्हणजे मशिन डीसीवर आहे किंवा सफाई करणारं अर्धचक्र फार कमी ठेवलंय. आणि टंगस्टनच्या टोकाला मोठा लोंबता गोळा झाला असेल तर तेच अर्धचक्र जास्त झालंय, टंगस्टन बारीक पडलंय किंवा टॉर्च चुकीच्या सॉकेटमध्ये आहे.

हा पापुद्रा का टिकतो हे एकदा लक्षात आलं की पुढचं बरंच सोपं होतं. ॲल्युमिनियम ६६० अंश सेल्सिअसला वितळतं, पण त्यावरचं ऑक्साइड २००० अंशांच्याही पुढे जाईपर्यंत वितळत नाही. खाली धातूचं पाणी झालेलं असतं आणि वर पिशवीसारखी कातडी तशीच असते. एसीच्या ज्या अर्धचक्रात टंगस्टन धन असतं, म्हणजे ईपी, त्यात ही कातडी फुटून निघते. ज्यात टंगस्टन ऋण असतं, म्हणजे ईएन, त्यात जॉबला मुख्य उष्णता मिळते आणि वेल्ड खोल जातो.

जोडणी

मशिन खरोखर एसी देणारं आहे ना, हे आधी पाहा. नुसतं 'टिग' लिहिलेली बरीच छोटी इन्व्हर्टर मशिनं फक्त डीसी असतात. आर्गॉन वापरून डीसीवर टॉर्च ऋणला ठेवला तर स्टील छान जमतं, पण ॲल्युमिनियमचा पापुद्रा फुटत नाही. हा दोष कोणत्याही सेटिंगने जात नाही.

टॉर्च ऋण सॉकेटमध्ये आणि अर्थ क्लॅम्प धन सॉकेटमध्ये हवा. त्याच मशिनवर आधी रॉड वेल्डिंग झालं असेल तर केबल उलट्या राहिलेल्या असतात. एसीवर काय फरक पडणार, असं वाटतं, पण बऱ्याच इन्व्हर्टर मशिनवर पडतो. बॅलन्स उलटा होतो: ७० टक्के ईएन लावलेलं असताना प्रत्यक्षात ७० टक्के ईपी मिळतं आणि टंगस्टन काही सेकंदांत गोळा होतं.

अर्थ क्लॅम्प घासलेल्या, उघड्या धातूवर लावा. ॲनोडाइज केलेला थर विजेला अडवतो. त्यावर क्लॅम्प लावला तर आर्क अडखळतो आणि क्लॅम्पखाली ठिणग्या पडून जॉबवर डाग उठतात.

वायू: सगळ्यांत जास्त दोष इथेच

शुद्ध आर्गॉन, किमान ९९.९९ टक्के. मिग वेल्डिंगसाठी मिळणाऱ्या कार्बन डायऑक्साइड किंवा ऑक्सिजन मिसळलेल्या वायूने टंगस्टन पहिल्याच आर्कमध्ये जळतं आणि डबकं काळं होतं. सिलिंडर बदलल्या दिवसापासून तक्रार सुरू झाली असेल तर लेबल नीट वाचा आणि शक्य असेल तर दुसऱ्या सिलिंडरवर तोच ठिपका काढून पाहा.

वायूचा प्रवाह किती ठेवायचा हे कपावर, म्हणजे टॉर्चच्या तोंडावरच्या नळकांड्यावर, ठरतं. कपाचा क्रमांक म्हणजे तोंडाचा व्यास एक इंचाच्या सोळाव्या भागात. ६ नंबर म्हणजे सुमारे ९.५ मिमी, ८ नंबर म्हणजे १२.७ मिमी. ६ किंवा ७ नंबरला मिनिटाला ७ ते १० लिटर पुरतात, ८ नंबरला १० ते १२. बीड काळा आला की वायू वाढवायचा ही सवय मोडायला हवी. छोट्या कपातून १५-२० लिटर सोडले की वायू शांत न वाहता भोवरे करतो आणि बाहेरची हवा आत ओढून घेतो. बीड आणखी काळा होतो, म्हणून आणखी वायू वाढवला जातो. अशा वेळी प्रवाह ८ लिटरवर आणून ठिपक्याची चाचणी पुन्हा करा.

रेग्युलेटरवरचा आकडा म्हणजे कपातून बाहेर पडणारा वायू नव्हे. मधे कुठे गळती असेल तर दोन्हींत फरक पडतो. मशिनवर 'गॅस चेक' असेल तर फक्त वायू सोडा, आर्कची हाय फ्रिक्वेन्सी सुरू होणार नाही याची खात्री करा, आणि कपाचं तोंड रबराच्या तुकड्याने घट्ट दाबा. फ्लोमीटरमधली गोळी काही सेकंदांत तळाला बसली पाहिजे. ती वर तरंगत राहिली तर कुठेतरी गळती आहे. सिलिंडरपासून मशिनपर्यंतचे सांधे साबणाच्या पाण्याने तपासा, मग टॉर्चकडे या.

टॉर्चमधली जागा बहुतेकांच्या नजरेतून सुटते ती बॅक कॅपची, म्हणजे टॉर्चच्या मागच्या टोपणाची. तिच्या तळाशी रबरी ओ-रिंग असते. ती चिरली, कडक झाली किंवा हरवली की वायू नुसता गळत नाही, तर वाहत्या वायूच्या ओढीने मागून हवाही आत शिरते. कॉलेट बॉडी (टंगस्टन धरून ठेवणारा आतला भाग) ढिली असणं, कपाला केसाएवढी चीर असणं, कपामागचा इन्सुलेटर नसणं, यांचा परिणामही तसाच होतो. हे सगळे भाग काढा, पुसा, पुन्हा घट्ट बसवा. पाच मिनिटांचं काम आहे आणि आधी सगळी सेटिंगं बदलून थकलेल्या मशिनवर ते बऱ्याचदा कामी येतं.

टंगस्टन कपाबाहेर किती काढलंय तेही पाहा. साध्या कॉलेट बॉडीला कपाच्या आतल्या व्यासाच्या निम्म्याहून जास्त नको, म्हणजे ६ नंबरला ५ मिमीच्या आसपास. कोपऱ्यात पोहोचायला जास्त लांब हवं असेल तर गॅस लेन्स लावा. तिच्या जाळीमुळे वायू सरळ आणि शांत वाहतो.

मग हवेचा झोत. पंखा, उघडं दार, शेजारच्या मशिनचा कूलिंग फॅन, यांतलं काहीही टॉर्चवर येत असेल तर वायूचं आवरण फाटतं. मशिन स्वतःचाच गरम हवेचा झोत जॉबवर सोडत असेल तर ते वळवून ठेवा.

सकाळचा पहिला बीड छिद्रांचा आणि नंतरचे बरे, असं होत असेल तर नळीत रात्रभर शिरलेली हवा आणि दमटपणा हे कारण. साध्या रबरी नळीतून पाण्याची वाफ हळूहळू आत झिरपते. काम सुरू करण्याआधी मिनिटभर वायू सोडून नळी धुऊन घ्या.

मळ आणि छिद्रं

वायू ठीक असूनही संपूर्ण बीडभर छिद्रं असतील तर ती हायड्रोजनची असतात. वितळलेलं ॲल्युमिनियम घट्ट ॲल्युमिनियमच्या सुमारे वीस पट हायड्रोजन सामावून घेतं. धातू थिजताना तो बाहेर पडू पाहतो आणि अडकून बुडबुडा होतो. हायड्रोजन येतो तेलातून, ग्रीसमधून, घामाच्या बोटांतून, रंगातून आणि ओलाव्यातून.

साफ करायचा क्रम उलटा होतो तिथेच घोटाळा आहे. आधी ॲसिटोन, मग ब्रश. आधी ब्रश फिरवला तर तेल ब्रशच्या तारांवर जातं आणि प्रत्येक फटक्यासरशी धातूत चोळलं जातं. स्वच्छ सुती फडक्यावर ॲसिटोन घेऊन जोडाच्या दोन्ही बाजूंना २५ मिमीपर्यंत पुसा, फडकं काळं यायचं थांबेपर्यंत. ते पूर्ण उडून गेलं की स्टेनलेस स्टीलच्या तारांच्या ब्रशने एकाच दिशेने, हलक्या हाताने घासा. हा ब्रश फक्त ॲल्युमिनियमसाठीच ठेवा. एकदा स्टीलवर फिरवला की तो कामातून गेला. क्लोरीन असलेलं ब्रेक क्लीनर किंवा डिग्रीझर इथे कधीही वापरू नका: आर्कच्या अतिनील किरणांनी त्याच्या वाफेतून फॉस्जीन हा प्राणघातक वायू तयार होतो.

घासल्यावर शक्य तितक्या लवकर वेल्ड करा. ऑक्साइड लगेच पुन्हा धरायला लागतं आणि आज घासलेला जॉब उद्या घ्यायचा असेल तर पुन्हा घासावा लागतो. कापलेल्या कडा आणि दोन पत्र्यांच्या मधल्या फटीही पुसा, कापताना वापरलेलं तेल तिथेच लपतं. जोडाची कड तयार करायला रेझिनचं साधं ग्राइंडिंग चाक वापरलं तर त्याचे कण मऊ धातूत रुततात आणि डबक्यात काळे ठिपके होऊन वर येतात. कार्बाइड बर (मशिनवर फिरणारी छोटी कानस), साधी कानस किंवा फक्त ॲल्युमिनियमसाठी राखलेली फ्लॅप डिस्क घ्या.

फिलर रॉड कोणी पुसत नाही, आणि पुष्कळदा सगळी मेहनत त्यामुळेच वाया जाते. उघड्यावर पडलेल्या रॉडवर धूळ, तेल आणि जाड ऑक्साइड असतं. ॲसिटोनच्या फडक्यातून रॉड ओढून घ्या, फडकं काळं झालं तर पुन्हा ओढा. वेल्ड करताना गरम टोक वायूच्या आवरणाबाहेर गेलं की ते लगेच ऑक्साइड धरतं आणि पुढच्या बुडवण्यात ते डबक्यात जातं. म्हणून टोक कपाजवळच, पण आर्कच्या बाहेर ठेवा.

ओतीव भागांची गोष्ट वेगळी. इंजिनचं किंवा पंपाचं जुनं कास्टिंग तेल पिऊन बसलेलं असतं आणि वरून कितीही पुसलं तरी गरम होताच ते बाहेर येतं. भेगेत व्ही आकाराची खाच पाडा, फिलर न घालता आर्क फिरवून मळ वर येऊ द्या, तो बर लावून काढा, आणि डबकं स्वच्छ दिसेपर्यंत हे पुन्हा करा. दोन-तीन फेऱ्या सहज लागतात.

एक खुलासा हवा. ५३५६ जातीचा फिलर रॉड वापरल्यावर बीडच्या कडेला पातळ करडी काजळी येते, ती त्यातल्या मॅग्नेशियममुळे. फडक्याने पुसली जात असेल आणि खाली बीड चमकत असेल तर तो दोष धरू नका.

टॉर्चचा कोन

टॉर्च सरळ उभ्यापासून १० ते १५ अंशच मागे झुकवा आणि ढकलत पुढे न्या. डबकं नीट दिसावं म्हणून हात नकळत ३०-४० अंशांपर्यंत आडवा होतो. मग वायू पुढे फेकला जातो, मागून हवा शिरते आणि बीडच्या एकाच बाजूला काजळी बसते. काजळी एका बाजूलाच दिसली तर सेटिंग सोडा, कोन सुधारा. आर्कची लांबी टंगस्टनच्या व्यासाएवढीच ठेवा.

टंगस्टन

वेल्ड संपल्यावर टंगस्टन चांदीसारखं चकाकत असेल तर उत्तम. निळं, जांभळं किंवा काळं दिसलं तर ते गरम असतानाच वायू बंद झाला किंवा गळती आहे. टोकावर करडा, काट्यांसारखा थर दिसला तर ते डबक्याला किंवा रॉडला टेकलंय. टेकलेल्या टंगस्टनने काम पुढे रेटू नका. त्यावर चढलेलं ॲल्युमिनियम उकळून आर्कला भरकटवतं आणि काळे ठिपके टाकतं. नुसतं टोक घासून भागत नाही, थर चढलेला सगळा भाग तोडा आणि नव्याने घासा. जॉबमध्ये टंगस्टनचा कण रुतला असेल तर तोही खणून काढा.

इन्व्हर्टर मशिनवर २ टक्के लँथनमचं, निळ्या टोकाचं टंगस्टन घ्या. हिरव्या टोकाचं शुद्ध टंगस्टन जुन्या ट्रान्सफॉर्मर मशिनसाठी ठीक, इन्व्हर्टरवर ते लवकर फुगतं. लाल टोकाच्या टंगस्टनमध्ये थोरियम असतं, जे किरणोत्सारी आहे आणि घासताना त्याची धूळ श्वासात जाते. लँथनम मिळत असताना ते वापरायला कारण उरत नाही. व्यास ढोबळमानाने असा: १०० अँपिअरपर्यंत १.६ मिमी, १८० च्या आसपासपर्यंत २.४, त्यापुढे ३.२. घासताना रेघा लांबीच्या दिशेने पडाव्यात, आडव्या नकोत. टोक निमुळतं करून शेवटी किंचित बोथट करा. एसीवर त्याला आपोआप छोटी गोलाई येते. ती टंगस्टनच्या व्यासाच्या दीडपटीहून मोठी झाली की काहीतरी चुकलंय.

आता पॅनेल

बॅलन्स ७० टक्के ईएन, ३० टक्के ईपी इथून सुरू करा. पण तुमच्या मशिनवरचा आकडा नेमकं काय दाखवतो ते आधी ठरवा. काही मशिनं ईएनचा वाटा दाखवतात, काही सफाईचा, म्हणजे ईपीचा. त्यामुळे कुणी सांगितलेलं '७०' दुसऱ्या प्रकारच्या मशिनवर तसंच लावलं तर टंगस्टन वितळतं. ओळखायची रीत सोपी आहे: आकडा थोडा वाढवा आणि एक ठिपका काढा. पांढरी कड रुंद झाली आणि टंगस्टन फुगायला लागलं तर तो आकडा ईपीचा आहे.

बीडच्या दोन्ही बाजूंना १ ते ३ मिमीची पांढरी कड पुरेशी. ती बोटभर रुंद झाली तर ईपी कमी करा. कड दिसतच नाही आणि डबक्यात ठिपके आहेत, तर आधी पुन्हा साफ करा आणि तरीही राहिले तरच ईपी दोन-तीन टक्क्यांनी वाढवा. नव्या स्वच्छ पत्र्याला ७५ टक्के ईएन चालतं, जुन्या कास्टिंगला ६० ते ६५ लागू शकतं. मळाचं काम बॅलन्सकडून करून घेऊ नका. ईपी ऑक्साइड काढतं, तेल नव्हे.

फ्रिक्वेन्सी सर्वसाधारण कामाला १०० ते १२० हर्ट्झ. कोपरा किंवा पातळ कड असेल तर १५० च्या पुढे नेल्यास आर्क निमुळता होऊन जागेवर राहतो. जाड भागाला ६० ते ८० वर डबकं रुंद पसरतं. काळेपणा किंवा छिद्रं फ्रिक्वेन्सीने जात नाहीत.

अँपिअर: जाडीच्या प्रत्येक मिमीला सुमारे ४०. १.५ मिमीला ६०, ३ मिमीला १२०. ॲल्युमिनियम साध्या स्टीलपेक्षा कितीतरी वेगाने उष्णता पसरवतं, म्हणून कमी अँपिअरवर 'सांभाळून' काम करायला गेलं तर डबकं व्हायला दहा-पंधरा सेकंद लागतात, तोवर सगळा जॉब तापतो, आणि मग अचानक तुकडा खाली बसतो. तीन-चार सेकंदांत डबकं झालं पाहिजे. पुढे जॉब तापत जातो तसे अँपिअर कमी करत न्या, म्हणूनच पायाचं पेडल इथे मोलाचं. तापलेलं ॲल्युमिनियम लाल होत नाही, त्यामुळे रंगावरून अंदाज येत नाही.

६ मिमीच्या वर जाडी असेल आणि मशिनची ताकद अपुरी पडत असेल तर जॉब आधी तापवा, पण १२० अंशांच्या पुढे नको. ज्योतीने तापवताना सुरुवातीला धातूवर पाण्याचा थर दिसतो. तो पूर्ण उडेपर्यंत वेल्ड सुरू करू नका.

भेगा

बीड चमकदार, छिद्रं नाहीत, पण मधोमध भेग. इथे प्रश्न मिश्रधातूचा आहे. ६०६१ आणि ६०६३ या ॲल्युमिनियमच्या जाती फिलरशिवाय जोडल्या तर थिजताना फाटतात. ४०४३ किंवा ५३५६ फिलर घाला, आणि पुरेसं घाला. ५०५२ ला ५३५६ घ्या. ओतीव भागांना बहुधा ४०४३. जॉब पुढे ॲनोडाइज होणार असेल तर ५३५६, कारण ४०४३ चा बीड त्यात गडद करडा पडतो. सतत ६५ अंशांच्या वर तापणाऱ्या भागाला मात्र ५३५६ नको, तिथे ४०४३ घ्या. २०२४ आणि ७०७५ या जातींना टिगने जोडायचा नाद सोडा, कुठलंही सेटिंग त्यांची भेग थांबवत नाही.

भेग फक्त बीडच्या शेवटच्या खड्ड्यात असेल, ताऱ्यासारखी, तर आर्क एकदम तोडला गेलाय. डाउनस्लोप (शेवटी अँपिअर हळूहळू उतरण्याचा वेळ) ३ ते ५ सेकंद ठेवा, पेडल असेल तर हळूहळू सोडा, आणि अँपिअर उतरत असताना शेवटचे एक-दोन थेंब फिलर घालून खड्डा भरून काढा. पोस्टफ्लो (आर्क बंद झाल्यावरही वायू वाहण्याचा वेळ) दर १० अँपिअरला एक सेकंद या हिशेबाने लावा, १२० अँपिअरला १२ सेकंद. तेवढा वेळ टॉर्च खड्ड्यावरच धरून ठेवा.